डाव्या दाराची शिवण

मित्रांनो, मी एका जुन्या मोटारीच्या डाव्या दाराचं पॅड आहे. तुम्ही आत बसता आणि तुमचं कोपर ज्या मऊ भागाला टेकतं ना, तो मी. आमच्याकडे सहसा कुणी मुद्दाम बघत नाही. माझी हकिकत मात्र एका माणसाच्या बघण्याचीच आहे.

माझा जन्म जेवणाच्या टेबलावर झाला. मोटार बाबांची. सारी हयात त्यांनी दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या. स्वतःची अशी ही एकच. माणूस दार कसं लावतो त्यावरून ते त्याची पारख करत. कुणी आपटलं की म्हणत, "दार आहे ते, वैरी नव्हे." पुढे त्यांची नजर मंदावली. डॉक्टर म्हणाले, हिवाळ्यापर्यंत दिसेल, पुढचं सांगता येत नाही. तेव्हा त्यांच्या लेकीनं ठरवलं, डोळे जायच्या आत बाबांना गाडी एकदा आतून नवीकोरी दाखवायची.

जुनी पॅडं फुगली होती. दाराचा पत्रा आणि पॅड यांच्यामध्ये पाणी अडवणारा प्लास्टिकचा पडदा असतो. तो कुणीतरी फाडून टाकला होता, आणि काचेवरून उतरणारं पाणी पुठ्ठ्यात मुरत गेलं होतं. डाव्याचा तर लगदाच झाला होता. म्हणून लेकीनं उजवं पॅड प्लायवुडवर ठेवून पेन्सिलीनं आखलं आणि तसलेच दोन तुकडे कापले. सोल्युशन लावून त्यांवर फोम बसवला, फोमवर विटकरी रेक्झिन ताणलं. आत्याचा हेअर ड्रायर फिरवला की रेक्झिन मऊ पडे आणि वळणावर निमूट बसे. मग कडा मागे दुमडून पिना.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. ती ताट हातात घेऊन उभी राही.

"आज जेवायचं कुठे? की ह्या गादीवरच वाढू?"

"चार दिवस कळ काढ ना, आत्या."

"तुझे चार दिवस तिसऱ्या आठवड्यात पोचले. आणि माझे केस ओले ते ओलेच."

एका रविवारी सकाळी दारांना नवा पडदा लावून आम्हांला गाडीत नेलं. उजवं पॅड खटकन बसलं. मला मात्र डाव्या दाराला टेकवलं, तर पुढे यायची ती तिरकी कड मागे गेली. लेकीनं मला फिरवून पाहिलं, तर उघडं लाकूड समोर आलं. तेव्हा तिच्या ध्यानात आलं. दुसरा तुकडा उलटा करून मगच फोम लावायला हवा होता. मी दुसरं उजवंच होते.

मला घेऊन ती पायरीवर बसली. दुकानातलं त्या रंगाचं रेक्झिन संपलं होतं, आणि हिवाळा तोंडावर आला होता. आत्यानं येऊन मला निरखलं.

"सगळं ऑफिस सांभाळतेस, आणि डावं-उजवं कळेना होय गं?" मग ड्रायर तिच्या मांडीवर ठेवला. "घे. मी वाळवीन केस उन्हात."

माझ्या पिना उपसल्या, रेक्झिन सोललं. फोमचे लचके निघाले. दुखलं नाही म्हणणं खोटं होईल. दुसऱ्या अंगाला नवा फोम चढला. पण रेक्झिन उजव्याच्या मापानं कापलेलं, ते वरच्या मागच्या कोपऱ्याला चार बोटं कमी पडलं. तिथं उरल्यासुरल्या पट्टीचा तुकडा जोडला. शिवणीची एक जाड रेघ राहिली.

या खटाटोपात महिना गेला. बाबांना डाव्या सीटवर आणून बसवलं, तोवर त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं.

"रंग कुठला?" त्यांनी विचारलं.

"विटकरी." लेकीनं त्यांचा हात माझ्यावर ठेवला. "बाबा, मला उशीर झाला."

ते माझ्यावरून सावकाश हात फिरवत राहिले. बोटं शिवणीवर थांबली.

"इथं काय झालंय?"

"चुकलं. दोन्ही उजवीच केली होती. एकाचं मग डावं करून घेतलं."

बराच वेळ त्यांनी तो कोपरा चाचपला. "म्हणजे हे माझ्यासारखंच की," ते म्हणाले. "उजवीकडचं. आता डावीकडे बसलंय."

मग त्यांनी दार ओढून घेतलं. हलकेच.

त्यानंतर सहा वर्षं लेक गाडी चालवायची आणि बाबांचा अंगठा त्या शिवणीवर असायचा. लोक रेक्झिनची वाहवा करत. लेक मात्र वळणावर त्या अंगठ्याकडे बघून घेई.

आता बाबा नाहीत. गाडी बहुतेक उभीच असते. मध्यंतरी काच दुरुस्त करणाऱ्यानं आतला पडदा फाडला आणि तसाच सोडला. माझी खालची कड फुगू लागली आहे. मित्रांनो, कधी दाराचं पॅड काढलंत तर तो पडदा आठवणीनं परत लावा. तो दिसत नाही, पण आम्ही त्याच्याच जिवावर टिकतो. आणि दार जपून लावा. पलीकडे कुणाचा तरी हात विसावलेला असतो.

लेक अजून कधीतरी येते, डावीकडे बसते, शिवणीवर अंगठा ठेवते. जाताना दार हलकेच लावते. आता ऐकायला कुणी नसतं, तरीही.