गिळलेला ‘नका’

मी हेडफोन बोलतोय. दचकू नका. बोलणं हे माझं काम नव्हे, हे मलाही ठाऊक आहे. आयुष्यभर मी एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानात ओतत आलो. पण तुम्हा माणसांना ऐकण्याचा किती कंटाळा आहे ते मी फार जवळून पाहिलंय, आणि आता गप्प राहवत नाही.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. एका बाईनं माझ्या तारांना डाख दिला, दुसरीनं दोन्ही कानांवर काळ्या गाद्या चढवल्या आणि तिसरीनं मला स्वतःच्या कानांना लावून, डोळे मिटून ऐकलं. इतकं मन लावून ऐकणारं माणूस मला पुढे एकच भेटलं.

त्या म्हणजे ताई. प्लंबिंगच्या सामानाच्या दुकानावर तीन खोल्यांचं ऑफिस होतं. पहिल्या खोलीत सोफा आणि साहेब, दुसऱ्या खोलीत कॅमेरे, आणि तिसरीत, पिंपांच्या शेजारी, ताई. साहेबांपासून सफाईवाल्या मामांपर्यंत सगळे त्यांना ताईच म्हणत. पूर्वी त्या कोर्टात साक्षी उतरवून घ्यायच्या. इथे त्या व्हिडिओतलं बोलणं ऐकून खालची अक्षरं लिहायच्या, म्हणजे ज्यांना ऐकू येत नाही त्यांना वाचता यावं. एकेक वाक्य तीनतीनदा ऐकायच्या. खोकला आला तरी आधी मला काढून ठेवायच्या, मग खोकायच्या.

साहेबांचं ऐकणं वेगळं. ते दारातून डोकं आत घालत, “झालं का ताई?” विचारत आणि उत्तर यायच्या आत निघून जात. आधी ते लग्नांचे व्हिडिओ काढायचे. तिथे कोण काय बोललं याला कुणी विचारत नाही, गाणं लावलं की भागतं. तीच सवय.

मग एका दवाखान्याचं काम आलं. मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसांना घरच्या घरी, पोटात बसवलेल्या नळीतून डायलिसिस करता यावं म्हणून चौदा व्हिडिओ करायचे होते. हात कसे धुवायचे, औषधाच्या पाण्याची पिशवी नळीला कशी जोडायची, नळीवरचा चिमटा कधी बंद ठेवायचा, कधी उघडायचा. समजावून सांगायला तिथल्याच एक सिस्टर होत्या. कामाला वाघीण, पण बोलायच्या तोंडावरचा मास्क न काढता, आणि वाक्याचा शेवट दरवेळी गिळायच्या. मला विचारा, सिस्टरांचा शेवटचा शब्द पकडायचा म्हणजे निसटता साबण पकडायचा.

“चौदा व्हिडिओ ताई कधी लिहिणार?” साहेब म्हणाले. “आता मशीन लिहितं. एखादं सॉफ्टवेअर घेऊन टाकू.”

सॉफ्टवेअर निवडायची जबाबदारी साहेबांच्या मेहुण्यानं घेतली. म्हणजे कुणी दिली नव्हती, त्यानंच घेतली. हा गृहस्थ दोन्ही कानांत गोट्यांसारखे छोटे इअरफोन खुपसून फिरायचा आणि समोरचा बोलत असताना मान हलवायचा. त्याच्या कानांत त्या वेळी क्रिकेटची कॉमेंटरी चाललेली असायची. आमच्या जातभाईंची अशी विटंबना मी मुकाट पाहत होतो.

“दाजी, हे बघा!” त्यानं सोफ्यावर बसून एक सॉफ्टवेअर चालवून दाखवलं. बातम्या देणारी एक बाई घोटीव आवाजात बोलत होती आणि खाली अक्षरं झरझर उमटत होती, एक वेलांटी चुकली नाही. “शंभरात अठ्ठ्याण्णव शब्द बरोबर. कंपनीनंच लिहिलंय.”

कंपनीनं स्वतःच लिहिलंय, म्हणजे विषयच संपला! साहेब भारावून गेले.

ताई दारात उभ्या होत्या. मी त्यांच्या गळ्यात होतो.

“साहेब, आपल्या सिस्टर बातम्या देत नाहीत. त्यांच्याच बोलण्यावर चालवून बघू या ना.”

“बघा, बघा,” साहेब म्हणाले. म्हणजे नको.

ताईंनी तरी बघितलं. सिस्टरांचं पाच मिनिटांचं बोलणं त्यांनी आधी माझ्याकडून ऐकून स्वतः शब्दन्‌शब्द लिहून काढलं. मग तेच बोलणं मेहुण्याच्या सॉफ्टवेअरला आणि फुकट चालवून बघता येणाऱ्या आणखी दोघांना घातलं आणि तिघांचा कागद आपल्या कागदाशेजारी ठेवून लाल पेन्सिल घेऊन बसल्या. एकानं पंख्याच्या घरघरीलाच संगीत समजून जागोजागी ‘संगीत’ लिहून ठेवलं होतं. ते तिथेच बाद झालं. मेहुण्याच्या लाडक्यानं ‘हात कोपरापर्यंत धुवा’ याचं ‘हात कोपऱ्यापर्यंत धुवा’ केलं होतं. ताई खुदकन हसल्या. पुढे वाचलं आणि त्यांचं हसू गेलं.

सिस्टर म्हणाल्या होत्या, ‘पिशवी जोडताना चिमटा उघडा ठेवू नका.’ शेवटचा ‘नका’ नेहमीप्रमाणे मास्कमध्ये विरला होता. मी तो ताईंच्या कानापर्यंत पोचवला होता, जेमतेम का होईना. त्या सॉफ्टवेअरला तो ऐकू आला नाही. बरं, नाही आला तर गप्प बसावं. त्यानं वाक्य आपल्या मनानं सुबक केलं: ‘पिशवी जोडताना चिमटा उघडा ठेवा.’ म्हणजे जंतूंना थेट पोटात वाट!

तिसरं सॉफ्टवेअर दिसायला गबाळं. चुका दुप्पट. पण जिथे त्याला खात्री नव्हती तो शब्द ते पिवळा करून ठेवायचं, आणि सिस्टरांच्या गिळलेल्या शेवटांवर सगळीकडे पिवळं होतं.

ताई तिन्ही कागद घेऊन साहेबांकडे गेल्या. “हे तिसरं घेऊ. चुकतं, पण कुठे अडलं ते सांगतं. पिवळं तेवढं मी ऐकून दुरुस्त करीन.”

“अहो ताई, याच्या चुका जास्त आहेत!” मेहुणा म्हणाला. “आमचं अठ्ठ्याण्णव टक्के.”

“उरलेले दोन कोणते, ते विचारलंत का?”

“दोन शब्दांनी काय आभाळ कोसळतं?”

“कोर्टात एका ‘नाही’वर माणूस सुटायचा,” ताई म्हणाल्या.

“हे कोर्ट नाही,” साहेब म्हणाले, आणि विषय संपला. चुकलेलं ते एक वाक्य ताईंनी जागच्या जागी दुरुस्त केलं. बाकीचं मेहुण्यानं बटण दाबून एका दुपारीत उरकलं, आणि शेवटी ताईंची दुरुस्तीही पुसली गेली, कारण त्यानं सगळं पहिल्यापासून पुन्हा चालवलं. ताईंना पावत्या लावायला बसवलं. मला पहिल्या खोलीत, कॅलेंडरच्या खिळ्याला टांगलं. शोभेला!

शेवटी आमचा पत्ता घालून व्हिडिओ इंटरनेटवर गेले. अकरा दिवसांनी जिना चढून एक वेल्डर आला. हातांवर ठिणग्यांचे डाग, खिशात जाड पेन्सिल. त्याला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. त्यानं मोबाइलवरचा व्हिडिओ साहेबांपुढे धरला आणि वहीत लिहिलं: ‘चित्रात सिस्टरांचा हात चिमटा बंद करतो. अक्षरं म्हणतात उघडा. खरं काय?’

साहेब त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, “तपासून सांगतो!”

बहिऱ्या माणसावर ओरडणं ही तुमची खास अक्कल. वेल्डरनं तोंडावर उडालेली थुंकी पुसली आणि खाली लिहिलं: ‘बायकोचं उद्या सकाळी घरी पहिल्यांदा करायचं आहे. मीच करणार.’

मेहुणा हळूच म्हणाला, “दाजी, एकाचीच तर तक्रार आहे.” वेल्डरला ऐकू येत नाही हे माहीत असूनही हळूच!

आवाज ऐकून ताई बाहेर आल्या. वही वाचली. त्यांनी वेल्डरच्या हातातली पेन्सिल घेतली आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘बंद. पूर्ण बंद. चूक आमची आहे.’

वेल्डरनं ते दोनदा वाचलं. मग लिहिलं: ‘अशा अजून किती?’

ताईंनी हात वर करून मला खिळ्यावरून काढलं. “साहेब, चौदाही व्हिडिओ आत्ता खाली उतरवा. आणि दवाखान्याला तुम्ही फोन करा, नाहीतर मी करते.”

साहेबांनी मेहुण्याकडे पाहिलं. मेहुणा कानातली गोटी चाचपत होता. आयुष्यात पहिल्यांदा साहेबांनी एका प्रश्नाच्या उत्तराची वाट पाहिली असावी. मग त्यांनी फोन उचलला.

ताई आणि मी दोन दिवस ऐकत होतो. आणखी तीन ‘नका’ गळालेले सापडले. दवाखान्यानं व्हिडिओ पाहिलेल्या सगळ्या घरी फोन केले. एका घरातले वडील आधीच ताप आणि पोटदुखीनं दवाखान्यात पडले होते. चिमट्यामुळे की आणखी कशामुळे, छातीठोक सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. नवव्या दिवशी ते बरे होऊन घरी गेले. पण ते दवाखान्यात असल्याचं कळलं त्या दुपारी ताईंनी डबा उघडला नाही.

पुढे तिसरं सॉफ्टवेअर आलं. ताई पिवळे शब्द ऐकून दुरुस्त करतात. त्यांनी साहेबांना एक अटही घातली: पाठवण्याआधी प्रत्येक व्हिडिओ वेल्डर बघणार, आणि त्याच्या वेळेचे पैसे मिळणार. तो बुधवारी येतो, मख्ख चेहऱ्यानं पडदा बघतो, चूक दिसली की टेबलावर बोट आपटतो. त्याची बायको एकदा सोबत आली होती. रंग सुधारला होता तिचा. तिनं साहेबांचा चहा घेतला नाही, एवढंच सांगतो.

आणि साहेब? त्यांनी बाहेर नवी पाटी लावली आहे: ‘शंभर टक्के अचूक’. मेहुणा हल्ली ड्रोन विकतो.

माझं म्हणाल तर गाद्यांचं कातडं सोलून निघालंय, दांडीला चिकटपट्टी आहे आणि डावा कान गेल्या महिन्यात कायमचा गेला. माझ्या जागी नवा हेडफोन यायचा आहे. साहेबांनी तीन पाहिले आणि रंगावरून एक पसंत केला. कानाला लावून एकही बघितला नाही.

जाता जाता एवढंच मागतो. असलं सॉफ्टवेअर घ्यायची वेळ तुमच्यावर आली, तर विकणाऱ्याचा नमुना बाजूला ठेवा आणि आपल्याच माणसाला चहाची कृती सांगायला लावून ते बोलणं त्याला घाला, मास्कमागचं, बोळक्या तोंडाचं, घाईघाईचं. मग आवाज पूर्ण बंद करा आणि नुसत्या त्या अक्षरांच्या भरवशावर एक कप चहा करून दाखवा. जमला तर मला येऊन सांगा. उजवा कान अजून शाबूत आहे.