लायनरच्या खोक्यातला फराळ

साक्रीच्या हमरस्त्यावर अभिमनचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान होतं आणि दुकानाच्या डोक्यावर घर. त्या घरात नवरात्राचे उपास धरायचे ते कोकिळानं, आणि खायचे मात्र सगळ्यांनी. सूनबाईला एकटीला कसं उपाशी ठेवायचं, म्हणून सासू भागाबाई सोबतीला उपास धरायच्या. आईला एकटीला कसं ठेवायचं, म्हणून अभिमन. मग सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी वडे, चहाबरोबर तळलेला बटाट्याचा चिवडा. एकादशी अन् दुप्पट खाशी म्हणतात. यांचं नवरात्र तिप्पट होतं, आणि त्या तिपटीची कढई एकट्या कोकिळाच्या गळ्यात. दसऱ्याला सोनं वाटायला निघावं तर ब्लाउजचे हूक लागेनात, घशाशी आंबट पाणी, आणि नऊ दिवस देवीचा उपास करून चेहरा असा की देवीनंच विचारावं, बाई, तुला काय झालं?

यंदा घट बसायच्या आधी ती रक्त तपासून आली. डॉक्टर तरुण होता, पण तोंडाचा फटकळ.

"काकू, साखर उंबरठ्यावर येऊन बसलीय. आत यायचीच बाकी आहे. अहो, उपास म्हणजे पोटाला सुट्टी. तुम्ही त्याला ओव्हरटाइमला लावता."

कोकिळा रिक्षात बसून एकटीच हसत घरी आली. पण हसता हसता ते मनात रुतलं. बाजाराच्या दिवशी ती पिंपळनेरला गेली, पिशव्या भरून रताळी, भगर, राजगिरा आणि कोवळ्या काकड्या घेऊन आली. आल्या आल्या स्टुलावर चढून तिनं कढई माळ्यावर टाकली. ती टाकल्याचा आवाज खाली दुकानात ऐकू गेला.

"काय पडलं गं?" अभिमननं ओरडून विचारलं.

"काही नाही. पडायचं ते उद्या पडेल!"

आणि पडलंच. पहिल्या माळेला ताटात आली मोकळी शिजवलेली भगर, वर दाण्याची पातळ आमटी, दह्यातली काकडीची कोशिंबीर, उकडलेलं रताळं आणि जिरं घातलेलं ताक. भागाबाईंनी ताट आधी डाव्या बाजूनं पाहिलं, मग उजव्या.

"हाई काय शे वं? उपास देवीना शे का डॉक्टरना?"

"देवीचाच आहे, आई. खाऊन तर बघा."

"बठ्ठं हिरवं! मी गाय शे का?" त्यांनी काकडीचा एक तुकडा बोटानं कडेला सारला आणि लेकाकडे वळल्या. "अभिमन, तुनी बायको आपले उपाशी मारी राहिनी."

अभिमन बिचारा रताळ्याकडे असा बघत होता, जणू ते कुणा दूरच्या नातेवाइकाचं पार्थिव होतं. पण बायकोच्या कपाळावरची आठी पाहून तो मुकाट्यानं जेवला.

दोन दिवस गेले आणि कोकिळाला स्वतःचंच नवल वाटायला लागलं. ढेकर बंद झाले. दुपारी डोळ्यांवर झापड येत असे, ती येईना. पहाटे गजर वाजायच्या आधी जाग यायला लागली, आणि उठल्याबरोबर पायांना कुठंतरी जायची घाई. जिन्यावरून ती दोन दोन पायऱ्या गाळून उतरली, तेव्हा समोरच्या कापडदुकानातल्या राजकुंवरभाभी काउंटरवरून ओरडल्या, "कोकिळाभाभी, पडाल हं!"

"पडले तर उडेन!" कोकिळा म्हणाली, आणि आपण हे काय बोललो म्हणून पदर तोंडाला लावून पळाली.

नवल आणखी एका गोष्टीचं होतं. सासूबाई आणि नवरा, दोघांची कुरकुर एकाएकी थांबली होती. भागाबाई निमूट भगर खात, तीही चिमणीएवढी. वर म्हणत, "बस, पोट भरनं मनं." गुण आला बाई, असं म्हणून कोकिळानं देवीला जास्तीचं फूल वाहिलं.

पाचव्या माळेला दुपारी अभिमन बँकेत गेला आणि कोकिळा गल्ल्यावर बसली. तेवढ्यात तोताराम टेम्पोवाला आला. दुकानाचं जुनं गिऱ्हाईक, घाईत असलेलं.

"वहिनी, लायनर द्या लवकर. ब्रेक लागत नाहीत, दगड लावून गाडी उभी केलीय."

कोकिळानं फळीवर पाहिलं. लायनरची खोकी एकावर एक रचलेली. त्यातलं सगळ्यात खालचं, कोपऱ्यातलं, तिनं ओढलं आणि त्याच्या हातात दिलं. तोतारामनं ते तळहातावर तोललं. मग नाकाशी नेलं. मग झाकण उघडलं.

आत वर्तमानपत्रावर सहा साबुदाणे वडे बसले होते. शेजारी हिरव्या चटणीची पुडी. अजून वाफ निघत होती.

"वहिनी," तोताराम गंभीरपणे म्हणाला, "हे लायनर माझ्या टेम्पोला नाही बसायचे. पोटाला मात्र बरोबर बसतील."

कोकिळाला राग यायला हवा होता. तो निघालाही असेल पोटातून, पण वाटेत त्याचं काय झालं कोण जाणे, तोंडातून हसू बाहेर पडलं. एकदा सुटलं ते सुटलंच. ती गल्ल्यावर डोकं टेकून हसली, बरगड्या धरून हसली. तोतारामही हसायला लागला. काय झालं ते बघायला राजकुंवरभाभी रस्ता ओलांडून आल्या आणि खोक्यात डोकावून त्याही मटकन् स्टुलावर बसल्या. आणि नेमक्या त्याच वेळी जिन्यावरून, एकेका पायरीवर थांबत, चोरपावलांनी भागाबाई उतरल्या. रोजच्या वेळेला, रोजच्या फळीकडे.

त्यांनी खोकं पाहिलं. सुनेला पाहिलं. पळायला गुडघे साथ देणार नव्हते, म्हणून त्यांनी हनुवटी वर केली.

"मना लेकनी आनेल शेतस," त्या म्हणाल्या. "मी सांगेल नव्हतं."

"सांगितलं नव्हतं, पण खाल्ले ना?"

"मग? टाकी देऊ का? अन्न शे ते!"

कोकिळानं डोळे पुसले. तिनं एक वडा उचलून सासूच्या हातात दिला, दुसऱ्याचे दोन तुकडे केले, त्यातला एक स्वतःच्या तोंडात टाकला. कुरकुरीत होता, मिरची झणझणीत होती, आणि पाच दिवसांनी खाल्ल्यामुळे असा काही लागला की तिनं डोळेच मिटले. बाकीचे तोतारामला दिले आणि खरे लायनरही शोधून दिले.

"आई, एक रोज खा. मी घरी थोड्या तेलात, आप्पेपात्रात करून देईन. पण बाकी जेवण माझ्या हातचं. चालेल?"

भागाबाईंनी वडा सावकाश संपवला. बोटं चाटली. मग त्यांनी आपली अट सांगितली, आणि ती ऐकून कोकिळा चाटच पडली.

"तुनं गवत खासू मी. पन माले नाचाले लई चाल."

चौकात देवीपुढे रोज संध्याकाळी गरबा व्हायचा. भागाबाईंना दरवर्षी तिथं प्लास्टिकच्या खुर्चीत नेऊन बसवत आणि आरती झाली की उचलून आणल्यासारखं घरी आणत. त्यांना नाचायचं असेल, हे कधी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्या संध्याकाळी सासूसुना नटून निघाल्या. चौकात स्पीकर दणदणत होता, पोरी टिपऱ्या घेऊन गोल फिरत होत्या. भागाबाई सरळ गोलात शिरल्या, पदर खोचला आणि दोन्ही हात तिढा घालून सुनेपुढे केले.

"धर. फुगडी येस का इसरनी?"

कोकिळानं हात धरले. आधी हळू, पाय जुळवत. मग थोडं जोरात. म्हातारीची पकड सांडशीसारखी होती. "आखो!" भागाबाई ओरडल्या. "आखो जोरमा!" बांगड्या वाजायला लागल्या, दिव्यांच्या माळा ताणून एकच पिवळी रेघ झाली, देवी आली, गेली, पुन्हा आली, आणि कोकिळाच्या अंगात कुठं काही जड असं उरलंच नाही. सासूच्या तोंडचं हसू तेवढं एका जागी स्थिर होतं, बाकी सगळी साक्री फिरत होती. पोरींनी टिपऱ्या टाकून टाळ्या धरल्या. राजकुंवरभाभींनी साडीच्या निऱ्या सावरल्या आणि शेजारी कुणाचे तरी हात धरून त्याही गरगरल्या.

गर्दीतून अभिमन धावत आला. "माय! अगं गुडघा! गुडघा सांभाळ!"

"गुडघा मना शे, तुना नई!" फिरता फिरता उत्तर आलं.

त्याला दोघींना थांबवायचं होतं. पण मध्ये हात घातला आणि कोकिळानं तो पकडला. एक हात सुटून दुसरा लागला, आणि दुकानदार अभिमन, खिशातल्या किल्ल्या खुळखुळवत, आईच्या आणि बायकोच्या मध्ये भोवऱ्यासारखा फिरायला लागला. लोक ओरडत होते. त्याच्या एका पायातली चप्पल कुठं गेली, त्याला कळलं नाही.

शेवटी तिघंही मांडवाच्या कडेला येऊन धप्पकन् बसली. कोकिळानं बाटलीतलं ताक पुढे केलं. भागाबाई ते घटाघटा प्यायल्या, ओठांवरची पांढरी मिशी पदरानं पुसली आणि रिंगणात पुन्हा फिरू लागलेल्या पोरींकडे जरा हेव्यानंच बघत म्हणाल्या,

"आज जागा कमी पडनी वं. उद्या लवकर जाऊत."