हसली की समजावं

चौपन्नाव्या वर्षी मी दप्तर घेऊन पुन्हा बाकावर बसले, तेव्हा आमचे हे म्हणाले, आता या वयात कसली थेरं. मी सांगितलं, थेरं नाहीत, कोरियन आहे. त्यांनी वर्तमानपत्र पुन्हा तोंडासमोर धरलं.

वर्ग भरायचा वाचनालयाच्या वरच्या खोलीत, दर शनिवारी चार वाजता. बाक लहान मुलांचे, त्यामुळे गुडघे पोटाशी घेऊन बसावं लागे. विद्यार्थी आम्ही सहाजण. मास्तर म्हणजे जहाजाच्या इंजिनखोलीत वीस वर्षं कोरियन कप्तानांच्या हाताखाली काढलेले मेकॅनिक. आता निवृत्त होते आणि ही भाषा फुकट शिकवत होते, कारण घरी त्यांच्याशी ती बोलायला कोणी नव्हतं.

पहिल्याच दिवशी मास्तरांनी मला माझं नाव कोरियन अक्षरांत लिहायला शिकवलं. काय सांगू, अंगात वारं भरल्यासारखं झालं. घरी येताना दिसेल त्या दुकानाची पाटी मी बोटाने हवेत कोरियनमध्ये गिरवत होते. एक टॅक्सीवाला ब्रेक दाबून थांबलाच. त्याला वाटलं, बाई हात करतेय.

पण मी हौस म्हणून गेले नव्हते. माझी एकुलती एक लेक लग्न होऊन तिकडे कोरियात गेलेली, आणि तिला दिवस गेले होते. मला इतक्या लांब जायला रजा मिळेना. बाळंतपणाला तिच्याजवळ असणार होत्या विहीणबाई. बाई भल्या, पण लेकीची एक गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती. तिला दुखायला लागलं की ती हसते. जितकं जास्त दुखेल तितकी जास्त बडबड, जास्त थट्टा. अकरा वर्षांची असताना संध्याकाळभर तिने आम्हाला नकला करून हसवलं, आणि रात्री डॉक्टर म्हणाले, अपेंडिक्स फुटलंय, आणखी दोन तासांनी आणली असती तर हाती लागली नसती. तेव्हापासून मी तिच्या हसण्याला घाबरते.

हे विहीणबाईंना सांगायचं कसं? आमच्या दोघींमध्ये दुभाषी कोण, तर लेकच. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात ते हेच. जावयाशी बोलायचं तरी मध्ये तीच. मी एकदा विषय काढला, तर ती म्हणाली, "आई, काहीतरीच काय," आणि विहीणबाईंना तिने काय सांगितलं देव जाणे. त्यांनी मान डोलावून मला फळांची टोपली दाखवली. मोबाईलच्या भाषांतरावरही विश्वास टाकून पाहिला. त्यावर विहीणबाईंकडून हसणारी तीन तोंडं आली. मग ठरवलं, आपणच शिकायचं. हातात चार महिने होते.

मी शर्टांच्या कारखान्यात चेकर आहे. सव्वीस वर्षं माझं काम एकच, तयार शर्टात खोट काढायची. शिवण उसवली, बटण ढिलं, बाही आखूड, कॉलरवर डाग. चांगल्या शर्टाला चेकर काही बोलत नाही, नुसता पुढे सरकवते. त्यात मास्तरांची कोरियन इंजिनखोलीतली. ढिलं, घट्ट, गळतंय, तापलंय, हे शब्द त्यांच्या जिभेवर. गुरूला साजेशी शिष्या मिळाली. दोन महिन्यांत मी जगातली प्रत्येक खोट कोरियनमध्ये सांगू शकत होते. 'छान' हा शब्दही शिकवला होता म्हणे, पण तो माझ्या वहीत काही उतरला नाही.

त्याचं फळ लवकरच मिळालं. एका रविवारी विहीणबाईंनी व्हिडिओवर बाळाची खोली दाखवली. स्वतः रंगवलेली, स्वतः सजवलेली. माझ्या तोंडाला नुसती खाज सुटली होती. लेकीला म्हटलं, तू गप्प बस, मी बोलते. आणि सुरू केलं. पडदा आखूड आहे. भिंतीवर डाग आहे. पाळण्याचा पाय ढिला आहे. एकेक वाक्य बिनचूक निघालं आणि मी आनंदाने फुलून गेले. समोर विहीणबाईंचा चेहरा मात्र उतरत गेला. लेकीने कपाळाला हात लावला आणि फोन बंद झाला.

आठवडाभर मला घास गोड लागला नाही. जिच्या हाती लेक सोपवायची, तिचंच मन दुखावून बसले होते. मास्तरांना सांगितलं तर ते हसून हसून खोकायला लागले. मग गंभीर होऊन म्हणाले, थांबा जरा, ती बाईही घर चालवणारी आहे, खोट दाखवली तर आधी तपासून बघेल.

पुढच्या शुक्रवारी विहीणबाईंचा फोटो आला. पाळण्याचा पाय, त्यात नवा स्क्रू, शेजारी त्यांचा अंगठा. पाय खरंच ढिला होता. खाली त्यांनी लिहिलं होतं, तेही मी कोणाच्या मदतीशिवाय वाचलं: तुमचे डोळे चांगले आहेत. मी तो फोटो अख्ख्या शिलाई विभागाला दाखवला. सुपरवायझरलाही सोडलं नाही.

मग मास्तरांनी ठरवलं की आता वेळ घालवायचा नाही. बाळंतपणाला तीन आठवडे उरले होते. त्या शनिवारी सगळा वर्ग माझ्याभोवती गोळा झाला. कॉलेजच्या दोन पोरींनी माझी वाक्यं फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिली. दातांचे डॉक्टर होते, त्यांनी माझ्याकडून ती वीसदा घोकून घेतली. मला असं वाटत होतं की हा फोन लागलाच पाहिजे, आत्ताच लागला पाहिजे. मी लेकीला नाही, थेट विहीणबाईंना फोन लावला.

त्यांनी उचलला. मी नमस्कार वगैरे केला की नाही, आठवत नाही. फळ्याकडे बघत एकेक शब्द सुटा सुटा म्हटला. माझी मुलगी दुखलं की हसते. खूप हसली तर खूप दुखतंय. ती ठीक आहे म्हणेल. विश्वास ठेवू नका.

मी फळ्यावरची वाक्यं पुन्हा वरपासून तपासली. वाटलं, पुन्हा काहीतरी घोळ घातला.

मग विहीणबाई हळू आवाजात, मला कळावं म्हणून शब्द तोडून बोलल्या, आणि मला प्रत्येक शब्द कळला. "आत्ता हसतेय. सकाळपासून हसतेय."

फोन तसाच चालू राहिला. त्यांनी तो बहुतेक टेबलावर ठेवला असावा. सपातांचा फटफट आवाज, दार उघडल्याचा आवाज, लेकीचं ते खळखळून हसणं आणि विहीणबाईंचा चढा सूर. त्या काय बोलत होत्या ते मला नीट समजलं नाही. 'दवाखाना' तेवढं समजलं. मास्तर खडू हातात धरून तसेच उभे होते. मग दार आपटलं आणि फोन कट झाला.

कोणीही घरी गेलं नाही. वाचनालयाची बाई कुलूप घेऊन वर आली, तिला कॉलेजच्या पोरींनी सगळी हकीकत सांगितली, तर तीही एका बाकावर अंग चोरून बसली. आमच्या ह्यांना फोन केला, तर ते घरच्या चपलांवरच धावत आले आणि माझ्या शेजारी बसले. माझी वही मांडीवर घेऊन पानं उलटत राहिले.

पावणेदोन तासांनी फोन वाजला. पडद्यावर विहीणबाई होत्या, केस विस्कटलेले, घामाघूम. त्या म्हणाल्या, डॉक्टर म्हणतात, वेळेत आणलं. मग गळ्याभोवती बोट फिरवून दाखवलं, बाळाला नाळेचा वेढा बसलाय. आता बाहेर काढतील, दोघं नीट आहेत. मी हे सगळं मराठीत करून मोठ्याने सांगत होते, म्हणजे त्या दिवशी दुभाषी मी होते.

मग त्यांनी फोन लेकीच्या तोंडाजवळ धरला. ती पांढरीफटक पडली होती. मला बघून तिने सवयीने ओठ ताणले, पण विहीणबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवत मान हलवली, नाही म्हणून.

लेकीचा चेहरा वेडावाकडा झाला. "आई," ती म्हणाली, "खूप दुखतंय गं."

तीस वर्षांत तिच्या तोंडून हे पहिल्यांदा ऐकलं. माझ्या डोळ्यांना धार लागली होती आणि इतका आनंद झाला होता की बाकावर बसवेना.

"मग रड की गं," मी म्हटलं. "त्या आहेत ना जवळ. खुशाल रड."