कप्तान काय म्हणाला

प्रभाकरने पुस्तक हातभर लांब धरलं, मग नाकाजवळ आणलं आणि शेवटी खिडकीच्या उजेडात तिरकं केलं.

"हा गोलंदाजी करतोय की भाला फेकतोय?"

"तिकडे असंच टाकतात म्हणे," हायम किहिमकर म्हणाला. "टप्पा पडूच देत नाहीत."

"आपल्याकडे पहिल्याच चेंडूला नो-बॉल दिला असता."

पुस्तक हायमच्या भाच्याने अमेरिकेहून धाडलं होतं. बेसबॉल गाजवलेल्या ज्यू खेळाडूंचं. मामा तरुणपणी क्रिकेट खेळायचा, म्हणजे त्याला हेही कळेल, असा भाच्याचा हिशेब. हायमचं इंग्रजी राइस मिलच्या यंत्रांवरच्या अक्षरांपुरतं. प्रभाकरने मात्र शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलेलं. म्हणून गेले चार दिवस हायम दुपारचा चालत खांदा कॉलनीत त्याच्या घरी येत होता. प्रभाकर वाचायचा, मराठीत सांगायचा.

खरं तर पुस्तक हे निमित्त होतं. येत्या मंगळवारी हायम आणि त्याची बायको सिपोरा मुलाकडे इस्राएलला निघणार होते, कायमचे. त्याआधी हायमला एक गोष्ट बोलून टाकायची होती. चार दिवस ती घशाशी येत होती आणि चहाच्या घोटाबरोबर मुकाट परत जात होती.

पंखा हळू फिरत होता. पानापानावर पट्ट्यापट्ट्यांचे कपडे घातलेले तरुण हसत होते. नावं सगळी ओळखीची, सॅम्युएल, मोझेस, एझ्रा, जणू पनवेलच्या सिनेगॉगमधली मंडळीच टोप्या बदलून उभी राहिली होती. ऐकता ऐकता हायमचे डोळे जड व्हायचे. मग ते परकं मैदान गाढी नदीच्या काठाला येऊन लागायचं. पलीकडे म्हशी डुंबत असायच्या आणि पट्ट्यांच्या कपड्यातला चोवीस वर्षांचा हायम धावत यायचा. चेंडू हातातून सुटायचा, पण कुठे पडायचाच नाही.

"झोपलास का रे?"

"नाही. वाच."

"हा बघ, मोठा खेळाडू. वर्षातला सगळ्यात महत्त्वाचा सामना, आणि हा खेळलाच नाही. त्या दिवशी तुमचा उपासाचा सण होता."

"दारफळणीचा सण," हायम पुटपुटला.

चौतीस वर्षांत हा शब्द दोघांमध्ये कधी निघाला नव्हता.

त्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास उरणच्या संघाशी अंतिम सामना होता. मैदान ओलं, म्हणून तो पुढे ढकलला. शनिवारी खेळायचं हे ठरलं शुक्रवारी रात्री, आणि तोवर हायमच्या घराचं दार लागलेलं होतं. त्याच्या आईच्या घरात जुना रिवाज होता. सूर्य मावळला की दार बंद, दुसऱ्या दिवशी तारे दिसेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही, बाहेरच्याशी शब्द नाही. सकाळी कप्तान प्रभाकर दारात आला. त्याने कडी वाजवली, हाका मारल्या, शेवटी "भित्र्या!" असं आळीभर ऐकू जाईल असं ओरडला आणि निघून गेला. सामना हरले. पुढे बोलणं सुरू झालं, लग्नाबारशांना येणंजाणं झालं, पण ती सकाळ तशीच राहिली.

"मग त्याचा कप्तान काय म्हणाला?" हायमने विचारलं. "दिलंय का?"

प्रभाकरने पान उलटलं. चष्मा सारखा केला.

"दिलंय." त्याचं बोट हळूहळू सरकू लागलं. "कप्तान त्याच्या दारी गेला. नाही नाही ते बोलला. आत माणूस उपाशी बसलाय हे त्याला नंतर कळलं. तेव्हाच परत जाऊन माफी मागायची होती. पण... पण जीभ रेटली नाही. मग तो रोज भेटत राहिला आणि रोजच राहून गेलं."

हायम पुढे वाकला. पानावर वरपासून खालपर्यंत आकडे होते. उभे रकाने, आडवे रकाने, धावांचे आणि सालांचे. अक्षर औषधालाही नव्हतं. आकडे हायमला वाचता येत होते.

त्याने पुस्तक प्रभाकरच्या हातून घेऊन आपल्या मांडीवर ठेवलं.

"आतला माणूस काय करत होता, ते नाही वाचलंस."

"ते... ते नाही दिलेलं."

"आहे. हे बघ, खाली." हायमने एका रकान्यावर बोट टेकवलं आणि सावकाश, शाळेतल्या पोरासारखं वाचू लागला. "तो दाराच्या मागेच उभा होता. प्रत्येक हाकेला त्याचा हात कडीकडे जायचा. आईने मनगट धरून ठेवलं होतं. कप्तानाची पावलं वळणापर्यंत ऐकू आली. मग तो रडला. सणाला रडतातच, म्हणून कुणाला वेगळं वाटलं नाही."

प्रभाकरची बायको आशालता चहा घेऊन बाहेर आली. दोघं एकाच पानावर वाकलेले.

"हायमभाऊ, तुम्ही कधीपासून इंग्रजी वाचायला लागलात?"

प्रभाकरने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला आणि त्या आकड्यांकडे बराच वेळ पाहत राहिला.

"चांगलं लिहिलंय रे," तो म्हणाला.