जानकीबाईचं कोपर

"हिच्या कोपराला हाड हाय का पहार, देव जाणे. रातभर बरगड्यांत खुपसते. माणसानं झोपायचं कवा?"

केसरीनाथ ओट्यापासून हातभर अंतरावर बसून सुनेकडे गाऱ्हाणं करत होता. जानकीबाई पाठमोरी भाकरी थापत होती. दुसरी एखादी भडकली असती, हिला बरं वाटलं. नवरा कुरकुरतोय म्हणजे श्वास घेतोय. रोज सकाळी ही कुरकुर कानावर पडली की ती मनातल्या मनात वज्रेश्वरीला हात जोडायची आणि मगच पिठाला हात लावायची.

"बाबा, तुमच्या घोरण्यानं भांडी वाजतात, आणि दोष आईंना?" हेमाली म्हणाली.

केसरीनाथचं घोरणं अख्ख्या दापोड्याला ठाऊक. पुतण्याच्या हळदीत दणदणाट करणाऱ्या बेंजोवाल्यांच्या शेजारी खुर्चीत बसून घोरला, तर पोरांनी व्हिडिओ काढले. टेकेल तिथं झोपतो, सुखी माणूस, असं लोक म्हणायचे. ते सुख किती ते जानकीबाईला विचारावं. घोरणं चालू असलं की ती निर्धास्त डोळे मिटायची. ते मध्येच तुटलं की जागी. त्याची छाती हलायची, पण नाकाशी बोट धरलं तर वारा लागायचा नाही. मग कोपर. मग बुडता माणूस पाण्याबाहेर यावा तसा तो श्वास ओढायचा, कूस बदलायचा, आणि हिचा जीव भांड्यात पडायचा.

हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सासरे झोपेतच गेलेले. "पुण्यवान माणूस, कायबी त्रास न्हाय झाला," असं घरात अजून कौतुकानं सांगतात. त्यांचंही घोरणं असंच तुटायचं, हे भिंतीपलीकडून तिनं ऐकलेलं. पण ते तोंडातून काढलं तर खरं होऊन बसेल, अशी धास्ती.

"आजपासून मी गोडाऊनच्या केबिनात झोपनार," केसरीनाथनं चहाची बशी खाली ठेवली. "मितेशला गादी टाकायला सांगितलीय."

जानकीबाईचे हात थांबले.

"मच्छर हायत तिथं."

"मशीन लावीन."

"उंदीर हायत."

"तुझ्या कोपरापेक्षा बरे."

दिवसभर तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. उन्हं उतरायच्या आत काखेत लोड मारून ती गोडाऊनवर गेली. त्यांच्याच शेतावर बांधलेलं, कुठल्याशा पार्सलवाल्यांना भाड्यानं दिलेलं. एक केबिन तेवढी घरच्यांसाठी ठेवलेली. मुलगा मितेश पंखा लावत होता, केसरीनाथ स्टुलावर बसला होता. तिनं गादी भिंतीला सरकवली आणि मधोमध लोड आडवा न ठेवता उभा, लांबीनं लावला.

"याला पाठ लावून कुशीवर झोपा. उताणं न्हाय."

"का?"

"असंच."

"आई, एक रात्र तरी सुखानं झोपू दे ना त्यांना," मितेश हसला.

केसरीनाथ हसला नाही.

"मी हिला झोपू द्यायला आलोय इथं," तो म्हणाला. "परवा गॅसपुढं उभ्या उभ्या डुलकी लागली हिला. पदर जाळाला टेकायचाच बाकी होता. मी येऊन गॅस बंद केला. हिला पत्ता न्हाय."

जानकीबाईनं नकळत पदर चाचपला. बघतो हा माणूस आपल्याकडे. एवढ्या वर्षांत तिला वाटलं होतं, राखण आपणच करतोय.

"मग सकाळ झाली की रोज कुरकुर कशाला?" तिनं विचारलं.

"मग काय करू? रातीला गुदमरून जाग येते, घाबरलोय म्हणून सांगू सुनेला?"

मितेश पंख्याचं बटण तसंच धरून उभा. बाहेर कंटेनर मागं घेताना कुणीतरी "आने दो, आने दो" ओरडत होतं. केसरीनाथ स्टुलावरून उठला.

"गादी गुंडाळ, मितेश," मग तो म्हणाला. "उद्या डॉक्टरकडं जायचंय आपल्याला. झोपेत माझा श्वास थांबतो. तुझी आई उठवते म्हणून मी उठतो."