मास्तरांची थप्पड

शर्ट शिवण्याच्या त्या कारखान्यात कटिंग मास्तरांइतका शूर माणूस दुसरा नव्हता. निदान जेवणाच्या सुट्टीत तरी नव्हता. "माझ्या अंगावर कुणी कापड भिरकावू दे, हातपाय मोडून गळ्यात बांधून घरी पाठवीन!" असं ते घास चावता चावता सांगत. त्यांच्या अंगावर कुणी काही भिरकावतच नसे.

कापड भिरकावलं जायचं ते शिलाईवाल्या बायकांच्या तोंडावर. टाका जरा चुकला की सुपरवायझर शर्ट हिसकायचा, शिवण टरकन उसवायचा आणि फेकायचा. एका सकाळी असाच एक शर्ट काजं करणाऱ्या मावशीच्या तोंडावर बसला. चष्मा खाली पडला. मावशीनं तो उचलला, पुसला, डोळ्यांवर चढवला आणि मशीन बंद केलं.

"शर्ट तुम्ही टाकलात, तुम्हीच उचला. तोवर मी बसते."

शेजारचं मशीन थांबलं. मग ओळच्या ओळ थांबली. बायका हात मांडीवर ठेवून बसल्या.

मास्तर खो खो हसले. "अंडी उबवताय की काय?"

"तुम्ही कात्री खाली ठेवा, म्हणजे लवकर उबतील," मावशी म्हणाली.

मास्तरांनी कात्री ठेवली नाही. असल्या बायकी उद्योगात त्यांचा पुरुषार्थ मावत नव्हता.

सुपरवायझर तीन दिवस ओरडला. त्यानं पंखे बंद केले, पिण्याच्या पाण्याचं पिंप हलवलं. बायकांनी घरून बाटल्या आणल्या. एक तरणी मुलगी त्याला शिवी हासडायला उठली, तर मावशीनं तिचा हात धरून खाली बसवलं. "त्याला तेच हवंय गं."

तिसऱ्या दुपारी सुपरवायझरचा घसा बसला. तो शर्टाजवळ येऊन मुकाट उभा राहिला. मान खाली. आता तो वाकणार, असं बायकांना वाटलं.

आणि नेमके तेव्हाच तीन दिवस मजा बघत असलेले मास्तर धावून आले. "बायकांच्या वाटेला जातोस?" असं म्हणून त्यांनी त्याच्या मुस्कटात भडकावली. त्याचा ओठ फुटला.

तीन दिवस ज्यांना खाली यायला सवड नव्हती, ते मालक तीन मिनिटांत आले. आयतं कोलीत हाती लागलं होतं. मारहाणीचं कारण दाखवून त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं आणि फाटकाला कुलूप ठोकलं.

फाटकाबाहेर मास्तर मिशीला पीळ देत होते. "बघितलंत? तुमच्यासाठी मारली!"

"आमच्यासाठी?" मावशी कडाडली. "तीन दिवस कात्री खाली ठेववली नाही तुम्हाला. हात शिवशिवत होते, खाज भागवून घेतलीत. आता चला, त्याची माफी मागा."

"त्या हलकटाची? मी?"

मास्तर तणतणत घरी गेले. मावशी एकटीच सुपरवायझरच्या दारात जाऊन उभी राहिली. "आमच्यातल्या माणसानं हात उचलला, ते चुकलं," ती म्हणाली. "शर्ट मात्र तुम्हीच उचलायचा." त्यानं दार लावून घेतलं.

बायका फाटकाबाहेर बसल्या. एक नाही, दोन नाही, अकरा दिवस. शेवटी अडलेल्या मालानं मालकाला जेरीस आणलं आणि कुलूप निघालं. शर्ट तिथंच पडला होता. सगळ्यांसमोर सुपरवायझर वाकला, त्यानं तो उचलला, झटकला आणि मावशीच्या हातात दिला.

"काज तिरकं आलंय," तो पुटपुटला.

"आलंय खरं," मावशी म्हणाली आणि उसवायला बसली.

कापणारा दुसरा मिळेना म्हणून मास्तरांनाही परत घेतलं. त्यांनी माफीनामा लिहून दिला होता, दोन प्रतींत. सुपरवायझरला नव्हे, मालकाला. छाती काढून ते आत आले. "शेवटी माझी थप्पडच कामी आली म्हणायची!"

तरण्या मुलीनं मशीनवरची मानही वर केली नाही.

"मास्तर, बाह्या कमी पडताहेत. कापा लवकर."