सिद्धांतकारबाई

साहेब, एका चांगल्या शब्दाची तुम्ही शिवी केलीत. शिवणखात्यात बायका चक्कर येऊन पडायला लागल्या, तेव्हा माझी ताई म्हणाली, "शेजारच्या खोलीतल्या गोंदाचा वास इथे कोंडतो. शटर उघडा."

तुम्ही हसलात. "आल्या मोठ्या सिद्धांतकार! मशीन चालवा."

तेव्हापासून अख्खं खातं तिला 'सिद्धांतकारबाई' म्हणतं, घरी भावजीसुद्धा. तिने बोलणंच सोडलं.

काल तीच मशीनवर कोसळली. तुम्ही म्हणालात, "उपाशी येतात, दुसरं काय!" सकाळी मीच तिला वाढलं होतं.

कारण तिनेही शोधलं, तुम्हीही. मग तुमचा तो निष्कर्ष आणि तिचा आगाऊपणा कसा? तिचं चुकतही असेल. पण एकदा शटर उघडून बघायला तुमचं काय जातं, साहेब?